गाळणकागदावरील ठिपके

वसई तालुक्यातील सांडोर हे पापडीच्या शेजारचे गाव. वाड्या, विहिरी, केळीची बने आणि जुनी कौलारू घरे यांच्या खांद्याला खांदा लावून आता नव्या इमारतीही उभ्या राहिल्या आहेत. आमच्या घराशेजारी राहणाऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांना गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी लघवीच्या तक्रारीवर एक गोळी सुरू केली. रात्रीतून पाचपाच, सहासहा वेळा उठावे लागत असल्याने ते हैराण झाले होते. गोळीच्या खोक्यातील बारीक अक्षरांचा कागद त्यांनी नातवाकडून वाचून घेतला. औषधाची चाचणी आधी उंदरांवर झाली होती, असे त्यात लिहिलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू माहिती खात्यात आहेस ना? मग मला एवढं सांग, उंदीर रात्री किती वेळा मुततो हे मोजलं कोणी आणि कसं?"

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. या प्रश्नाचे उत्तर त्यावेळी मजपाशी नव्हते. तथापि माहिती खात्यात नोकरी करणाऱ्याला 'ठाऊक नाही' एवढे सांगून मोकळे होता येत नाही. म्हणून वाचावयास घेतले, आणि वाचता वाचता असे ध्यानात आले की आजोबांच्या प्रश्नाच्या पोटात त्याहून मोठा प्रश्न दडलेला आहे. उंदीर किती वेळा मूत्रविसर्जन करतो हे त्याच्या मूत्राशयावर जेवढे अवलंबून असते, जवळजवळ तेवढेच ते त्याला कोठे, कोणाबरोबर आणि कसे ठेवले आहे यावर अवलंबून असते.

परळच्या कोठड्या

प्राण्याच्या निवाऱ्याचा प्रयोगाच्या उत्तराशी किती निकटचा संबंध असतो, याचा एक जुना दाखला आपल्या मुंबईतच आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांनी सुरू केलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

लस हाती आली होती, परंतु प्लेग पसरतो कसा याविषयी वाद संपला नव्हता. उंदरांच्या मलमूत्राने दूषित झालेल्या जमिनीतून तो पसरतो असे मानणारे पुष्कळ होते. याचा निकाल लावण्यासाठी प्लेग आयोगाने १९०५ नंतर परळ येथे लहान लहान कोठड्या बांधल्या. काहींवर गावठी नळीची कौले घातली, काहींवर मंगलोरी कौले, तर काहींवर लोखंडी पत्रे. नळीच्या कौलांत उंदीर सुखाने राहतात, मंगलोरी कौलांत त्यांना अडचण पडते आणि पत्र्याखाली त्यांना थारा मिळत नाही. छपराखाली तारेची जाळी बसविली होती. त्यामुळे उंदीर खाली उतरू शकत नसे, परंतु त्याची घाण आणि त्याच्या अंगावरील पिसवा मात्र खाली पडत. या कोठड्यांत गिनिपिग मोकळे सोडले. नळीच्या कौलांखालील गिनिपिग प्लेगने मेले, पत्र्याखालील वाचले. दुसऱ्या काही प्रयोगांत पिंजरा जमिनीवर ठेवला तर आतील प्राण्याला प्लेग होई, आणि तोच पिंजरा पिसूच्या उडीच्या टप्प्याबाहेर उंच टांगला तर प्राणी बचावे. जमीन तीच, हवा तीच, उंदराची घाणही तीच. दोषी ठरली ती पिसू.

परळच्या या प्रयोगांत पिंजऱ्याची जागा हाच मुद्दा होता आणि शास्त्रज्ञांनी ती जाणूनबुजून बदलली होती. पुढे प्रयोगशाळांतून पांढरे लहान उंदीर सर्रास वापरात आले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात उंदरांच्या पिलांना नमुने टोचून विषाणू वेगळे करण्याचे काम १९५० च्या दशकात चाले. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. उंदीर हे रोजचे साधन झाले, पिंजरा हे रोजचे भांडे झाले, आणि रोजच्या भांड्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

उंदराचे मूत्र म्हणजे त्याची पाटी

येथे प्रथम उंदराचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. प्रयोगशाळेतील उंदीर पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा. दिवसभरात तो जेमतेम एक-दोन मिलिलिटर मूत्र विसर्जित करतो, म्हणजे चहाचा लहान चमचाही भरत नाही. माणसाच्या दृष्टीने मूत्र हा टाकाऊ पदार्थ. उंदराच्या दृष्टीने मात्र ती दारावर लावलेली पाटी आहे. हे घर कोणाचे, येथे नर राहतो की मादी, तो सशक्त आहे की आजारी, येथून तो कधी गेला, हे सारे दुसरा उंदीर वासावरून वाचतो. यासाठी नराच्या मूत्रात विशिष्ट प्रथिने भरपूर असतात. वासाचे उडून जाणारे कण ती धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात, त्यामुळे पाटी लवकर पुसली जात नाही. माणसाच्या लघवीत एवढे प्रथिन आढळले तर डॉक्टर तात्काळ मूत्रपिंडाची तपासणी करावयास सांगतील. उंदरात ते निरोगीपणाचे लक्षण आहे. यांपैकी एका प्रथिनाला इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील संशोधकांनी २०१० मध्ये 'डार्सिन' असे नाव दिले. जेन ऑस्टेन यांच्या कादंबरीतील डार्सी या नायकावरून ते घेतले आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यास शास्त्राच्या पुस्तकात असा ओळखीचा चेहरा क्वचितच भेटतो.

या पाटीवर कोण लिहितो आणि कोण लिहीत नाही, हे १९७३ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या देजार्दें, मॅरुनियॅक आणि ब्रॉन्सन या तिघा संशोधकांनी दाखवून दिले. साधन अगदी साधे होते. पिंजऱ्याच्या तळाशी गाळणकागद पसरावयाचा आणि नंतर तो अतिनील दिव्याखाली धरावयाचा. उंदराचे मूत्र त्या प्रकाशात चमकते. दोन नरांची झुंज होऊन कोण वरचढ हे ठरल्यानंतर, मध्ये जाळी घालून दोघांना शेजारी शेजारी ठेवले. सकाळी कागद पाहिले तर वरचढ नराच्या बाजूस कागदभर बारीक ठिपके विखुरलेले, जणू रात्रभर कोणी शाई शिंपडली आहे. हरलेल्या नराच्या बाजूस कोपऱ्यात दोन-चार मोठी थारोळी, बाकी कागद कोरा.

दोघांची मूत्राशये निरोगी होती आणि दोघांचे खाणेपिणे एकच होते. फरक होता तो शेजाराचा.

रोग की रुबाब?

हाच गाळणकागद आज जगभर मूत्राशयाच्या विकारांच्या संशोधनात वापरला जातो. उंदराला काही तास कागदावर ठेवतात, ठिपके मोजतात, प्रत्येक ठिपक्याच्या क्षेत्रफळावरून मूत्राचे प्रमाण काढतात. बारीक ठिपके पुष्कळ दिसले तर मूत्राशय अतिसंवेदनशील झाले आहे, वारंवार लघवी होते आहे, असा अर्थ लावण्याचा मोह होतो. मोठी थारोळी थोडी दिसली तर मूत्र साठून राहते आहे असे वाटते. परंतु पहिले चित्र वरचढ नराचेही असू शकते आणि दुसरे हरलेल्याचे! औषध दिल्यानंतर ठिपके कमी झाले, तर ते औषधाने कमी झाले की मधल्या काळात पिंजऱ्यातील सत्तापालटाने? कागद याचे उत्तर देत नाही.

एकाच पिंजऱ्यात पाच नर ठेवले तर त्यांत एक राजा होतो आणि उरलेले अंकित होतात. त्या पाचांपैकी प्रयोगासाठी कोणता उचलला, यावर कागदावरचे चित्र ठरते. बरे, भांडणे नकोत म्हणून प्रत्येकाला वेगळे ठेवावे, तर एकट्या नराला हरविणारा कोणी नसतो. तो बहुधा राजाप्रमाणेच सर्वत्र ठिपके टाकू लागतो. शिवाय उंदीर हा कळपात अंगाला अंग लावून झोपणारा प्राणी आहे. एकटेपणाचा त्याच्यावर ताण येतो, थंडीही अधिक वाजते. एका आईची पिले दूध तुटल्यापासून एकत्र वाढविली तर ती त्या मानाने गुण्यागोविंदाने नांदतात, एवढा एक दिलासा आहे.

हा परिणाम केवळ वागणुकीपुरता राहता तर पुढचा अनर्थ टळला असता. २००९ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील बालरोग रुग्णालयाच्या संशोधकांनी तरुण नर उंदरांना दररोज काही वेळ दांडग्या, आक्रमक नराच्या सहवासात ठेवले आणि उरलेला वेळ दोघांमध्ये आडपडदा घातला. काही आठवड्यांनंतर दबलेल्या उंदरांची लघवीची घडीच बिघडली. मूत्र साठून राहू लागले, मूत्राशय जड झाले आणि त्याच्या भिंतीची रचना बदलली. कोणतेही विष टोचलेले नव्हते, कोणतीही शस्त्रक्रिया झाली नव्हती. शाळेत धाकाखाली राहणारी काही मुले लघवी दाबून धरतात आणि पुढे त्रास भोगतात, हे बालरोगतज्ज्ञांना परिचित आहे. त्याच दृष्टीने हा अभ्यास हाती घेण्यात आला होता. माझ्या मते या साऱ्या वाचनातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. ज्या प्रयोगशाळेत असा दांडगा उंदीर मुद्दाम ठेवलेला नसतो, तेथेही तो एखाद्या पिंजऱ्यात आपसूक निपजतो, आणि त्याची नोंद वहीत होत नाही.

शेजाराचा परिणाम मूत्राशयापर्यंत पोचतो कसा, याचा मार्ग मेंदूतून जातो. मूत्रविसर्जनाचे केंद्र मस्तिष्क स्तंभात आहे हे लंडनच्या बॅरिंग्टन यांनी १९२५ च्या सुमारास मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले होते, आणि ते केंद्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. २०१६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उंदरात असे दाखविले की, आजूबाजूची परिस्थिती काय आहे याचा हिशेब या केंद्रापाशी येऊन मिळतो. ताणाच्या वेळी शरीरात काम करणारे एक रासायनिक द्रव्य तयार करणाऱ्या पेशीही याच केंद्रात आहेत. मूत्राशय भरले एवढ्यानेच भागत नाही. जागा सुरक्षित आहे काय, हेही मेंदू विचारतो.

पोस्टकार्डाएवढी जागा

आपल्या देशात प्रयोगासाठी प्राणी वापरण्यावर कायद्याचे नियंत्रण आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये यासाठी केंद्रीय समितीची तरतूद झाली आणि १९९८ मध्ये प्राण्यांची पैदास व त्यांवरील प्रयोग यांविषयीचे नियम लागू झाले. प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिसमिती असावी लागते आणि तिच्या मान्यतेवाचून प्रयोग करता येत नाही. समितीच्या मार्गदर्शक तत्त्वांत पिंजऱ्याची मापे दिलेली आहेत. पंचवीस ग्रॅमपेक्षा अधिक वजनाच्या उंदरास ९६.७ चौरस सेंटिमीटर जागा. आपले साधे पोस्टकार्ड यापेक्षा मोठे असते. ही किमान मर्यादा आहे हे खरे. परंतु एवढ्या जागेत पाटी लावायची कोठे, झोपायचे कोठे आणि घाण करायची कोठे, हे उंदराने ठरवावयाचे असते. संधी मिळाली तर तो घरटे एका कोपऱ्यात करतो आणि थारोळे दुसऱ्या. जागा आखडली की हा विवेक त्याला पाळता येत नाही.

सफाईचा प्रश्न त्याहून अवघड. मूत्रातील युरियापासून जीवाणूंमुळे अमोनिया तयार होतो. वायुवीजन अपुरे असेल तर भुशातून उठणारा वास उंदराच्या नाकाला आणि श्वासमार्गाला अपाय करतो, आणि पिंजऱ्यांची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांतही पाणी आणतो. आपल्याकडील दमट पावसाळ्यात हे विशेष जपावे लागते. म्हणून भुसा वेळोवेळी बदलणे भाग आहे. परंतु स्वच्छ पिंजरा म्हणजे उंदराच्या दृष्टीने पुसलेली पाटी. नवा पिंजरा मिळताच नर पुन्हा जोमाने ठिपके टाकू लागतात आणि हद्दीच्या भांडणांना नव्याने तोंड फुटते. सफाईच्या दिवशीच ठिपके मोजले तर आकडा फुगलेला येणार हे उघड आहे. हॉलंडमधील उट्रेख्ट येथील संशोधकांनी २००० मध्ये यावर एक व्यवहार्य तोड सांगितली. मलमूत्राने भिजलेला जुना भुसा नव्या पिंजऱ्यात टाकू नये, त्याने भांडणे वाढताना दिसतात. मात्र उंदरांनी स्वतः विणलेले घरटे जसेच्या तसे उचलून नव्या पिंजऱ्यात ठेवावे, त्याने ती कमी होतात. घर बदलताना अंथरूण-पांघरूण बरोबर न्यावे, तसेच हे.

मूत्र गोळा करण्यासाठी वापरला जाणारा जाळीच्या तळाचा पिंजरा हा आणखी एक विषय. त्यात भुसा नाही, घरटे नाही, सोबत नाही. मूत्र जाळीतून खालच्या नळीत पडते. मोजमाप अचूक मिळते, परंतु ते कोणत्या उंदराचे? पायाखाली तारा आणि अंगाला गारठा अशा स्थितीत वजन घटलेल्या उंदराचे. येथे तापमानाचा मुद्दा येतो. उंदराला सुमारे ३० अंश सेल्सिअसला स्वस्थ वाटते. पाश्चात्त्य प्रयोगशाळांची खोली वीस ते चोवीस अंशांवर असते, कारण त्या तापमानात माणसाला बरे वाटते. आपल्याकडील मार्गदर्शक तत्त्वे १८ ते २९ अंशांपर्यंत मुभा देतात. वातानुकूलन बंद पडले म्हणून मुंबईतील एखादा प्रयोगशाळा अधिकारी घामाघूम होतो, तेव्हा त्याचे उंदीर कदाचित प्रथमच सुखाने पसरून झोपले असतील!

राहता राहिला दिवस-रात्रीचा प्रश्न, आणि आमच्या आजोबांचा मूळ प्रश्नही हाच होता. उंदीर रात्री जागा असतो, म्हणून त्याची लघवी रात्री अधिक आणि दिवसा कमी. माणसाच्या नेमके उलट. २०१२ मध्ये जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी पिंजऱ्याखाली गाळणकागदाची लांब गुंडाळी ठेवून ती यंत्राने हळूहळू सरकत राहील अशी व्यवस्था केली. कागदावर असे रसायन लावले होते की मूत्राच्या डागाची कड निळी उमटे. कागद कोठवर सरकला यावरून वेळ कळे, डागाच्या आकारावरून प्रमाण कळे. उंदराला उचलावे लागत नाही, अनोळखी जागी ठेवावे लागत नाही. त्यातून असे दिसले की मूत्राशयाच्या स्नायूंतही स्वतःचे घड्याळ असते आणि झोपेच्या वेळी मूत्राशय अधिक मूत्र सामावून घेते. अर्थात हे घड्याळ उजेड-अंधाराच्या तालावर चालते. प्राणिगृहात रात्री कोणी दिवा लावून ठेवला तर तो ताल बिघडण्याचा संभव आहे.

नोंद हवी ती कशाची

इतके सारे जुळवूनही दोन प्रयोगशाळांची उत्तरे एक येतीलच असे नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतील आल्बनी व पोर्टलंड आणि कॅनडातील एडमंटन अशा तीन ठिकाणी एकाच वंशाचे उंदीर, एकच वय, एकच पद्धती ठेवून वर्तनाच्या चाचण्या घेण्यात आल्या. तरीही काही चाचण्यांत प्रत्येक ठिकाणचे उत्तर वेगळे आले. म्हणून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या 'अराइव्ह' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, प्राणी कसे ठेवले होते याची माहिती प्रयोगाच्या अहवालात द्यावी असे म्हटले आहे. एका पिंजऱ्यात किती उंदीर, ते भावंडे की परके, भुसा कोणता, तो कधी बदलला, दिवे कधी लागले. आपल्या राज्यातील महाविद्यालयांत आणि औषधनिर्माणशास्त्राच्या संस्थांत उंदरांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. यास यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही. प्राणिगृहातील कर्मचाऱ्यास यांतील पुष्कळसे ठाऊक असते. त्याला कोणी विचारीत नाही एवढेच. अशी नोंद नसल्यामुळे प्रयोग फसला तर तो पुन्हा करावा लागतो, म्हणजे आणखी उंदीर, आणखी पैसा आणि रुग्णाची आणखी प्रतीक्षा.

हे सर्व मी शेजारच्या आजोबांना एका संध्याकाळी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग माझ्या गोळीचं काय? बंद करू?" मी घाईघाईने सांगितले की मुळीच नको. उंदरांवरची चाचणी ही पहिली पायरी. त्यानंतर औषध माणसांवर टप्प्याटप्प्याने तपासले जाते आणि मगच बाजारात येते. डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी थांबवू नये.

त्यावर त्यांनी आतून एक शाळकरी वही आणली. डॉक्टरांनी तीन दिवस लघवीची वेळ आणि प्रमाण लिहून आणावयास सांगितले होते, ती ही वही. आजोबांनी प्रत्येक रात्रीपुढे आपणहून आणखी एक रकाना आखला होता. पहिल्या रात्री घरी, सहा वेळा. दुसऱ्या रात्री घरी, पाच वेळा, शेजारच्या इमारतीचे काम रात्री उशिरापर्यंत चालू होते. तिसऱ्या रात्री विरारला मुलीकडे, तीन वेळा. "हे पण दाखवू का डॉक्टरांना?" त्यांनी विचारले. मी म्हटले, आजोबा, हेच आधी दाखवा.